पाच नख्यांवरून बादशहा ठरत नाही

एका जुन्या रेशमी झग्याबद्दल कुणीतरी 'ड्रॅगनला पाच नख्या आहेत, म्हणजे हा चिनी बादशहाचाच झगा' असं म्हटलंय, ते पटत नाही. चिंग, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या, काळात पाच नख्या बादशहाखेरीज वरच्या दर्जाच्या राजपुत्रांनाही चालत, आणि एकोणिसाव्या शतकात तर अधिकारीही सर्रास वापरू लागले. बादशहासाठी राखीव होती ती सूर्य, चंद्र, कुऱ्हाड वगैरे बारा चिन्हं. ती आहेत का ते आधी बघा. शिवाय तिबेटी सरदारांना आणि मठांना चीनकडून असं रेशीम भेट म्हणून जायचं. तिथे तयार झगे उसवून किंवा ताग्यातूनच कापून छुबा, म्हणजे तिबेटी अंगरखा, शिवत.

म्हणून झगा दरबारी की छुबा हे ठरवायला शिवण बघायची. चिनी दरबारी झग्याला घोड्यावर बसण्यासाठी पुढे-मागे मधोमध चीर असते आणि बाहीला घोड्याच्या खुरासारखा कफ. छुबा घेरदार, उजवीकडे आडवा घेऊन कमरपट्ट्याने आवळायचा, म्हणून या दोन्ही गोष्टी त्यात नसतात. छुब्यासाठी कापड पुरवताना ड्रॅगनचं तोंड शिवणीत जातं, नाहीतर मूळ झग्याच्या खालच्या काठाच्या तिरक्या पट्ट्या नि लाटा भलतीकडेच, अगदी काखेतसुद्धा निघतात. याला शिंप्याची चूक म्हणू नये, महाग कापडाची चिंधीही वाया घालवायची नव्हती.

आणि कृपा करून धुवायचा सल्ला देऊ नका! त्यातला जरीचा धागा म्हणजे रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली सोनेरी कागदाची पट्टी. पाणी लागलं की सोनं सुटतं, घडीवर कागद तडकतो.