उंबरखिंड डोंगराने जिंकली की हुकुमाने?

घाटवाट्या:
काल इथे एकाने लिहिलं होतं, "उंबरखिंडीत कारतलबखान हरला तो सह्याद्रीमुळे. उंचावर बसलेल्या कुणीही ती लढाई जिंकली असती." वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

अहो, उंची आधी कुणाकडे होती? खानाकडे, त्या मोगल सरदाराकडे! कुरवंड्याचा घाटमाथा त्याच्या पायाखाली होता. शाहिस्तेखानाच्या हुकुमावरून तो कोकणात निघाला, राबता बोरघाट सोडून ही आडवाट धरली आणि माथा सोडून स्वतःच्या पायांनी खिंडीत उतरला. २ फेब्रुवारी १६६१. पुढे शिवाजी महाराज, मागे नेताजी पालकर. आणि महाराजांचा हुकूम असा की खानाची फौज पुरती उतरेपर्यंत कुणी हूं की चूं करायचं नाही. एकाने घाईने एक बाण सोडला असता तरी खान माघारी वळला असता. रानात एवढी माणसं गप्प बसवणं हे काम डोंगर करत नाही, सेनापती करतो.

सह्यभक्त:
ते वाक्य माझं आहे आणि मी ते मागे घेणार नाही. तुम्ही ती वाट कधी उतरला आहात का? मी उतरलोय. कुरवंड्याहून चावणीकडे जाताना अशी जागा लागते की पुढच्याचं डोकं आपल्या गुडघ्याखाली असतं. पायाखालचा धोंडा सुटला की थेट त्याच्या पाठीवर. आमच्या म्होरक्याने "वाटेत पाणी आहे" म्हणून एकेकच बाटली घ्यायला लावली होती. ओढा ठणठणीत कोरडा. झाडी अशी दाट की वाऱ्याची झुळूक नाही. तिघांना भोवळ आली, आणि आमच्या पाठीवर नुसत्या सॅक होत्या. तिथे सगळी फौज अडकली तर दुसरं काय होणार? उंची नसली की काय होतं ते पानिपतावर बघा. सपाट मैदान, आणि १४ जानेवारी १७६१ ला आपली पिढीच्या पिढी गेली.

घाटवाट्या:
पानिपत तुमच्याच अंगावर येतं. अब्दालीलाही तेच सपाट मैदान होतं ना? दुपारपर्यंत पारडं आपल्याकडे होतं. अब्दालीने ताज्या दमाची फौज राखून ठेवली आणि नेमक्या वेळी घातली. इकडे विश्वासराव पडले, भाऊसाहेब अंबारीतून उतरून घोड्यावर बसले, रिकामी अंबारी दिसली आणि फौजेचा धीर सुटला. यात डोंगर कुठे आला?

आणि उंचीच सगळं करत असती तर पुरंदर का द्यावा लागला? मोगलांच्या मिर्झाराजे-दिलेरखानाने आधी शेजारचा वज्रगड घेतला, एप्रिल १६६५ मध्ये. तिथून पुरंदरच्या माचीवर तोफा लागल्या. मुरारबाजी पडले, जूनमध्ये तह झाला, २३ किल्ले गेले. उंच गड होता, पण कळीची जागा कुठली हे शत्रूने ओळखलं.

माहूरची_लेक:
तुम्ही दोघांनी एवढं लिहिलं आणि रायबाघनचं नावसुद्धा घेतलं नाही. नेहमीचंच आहे हे. माहूरच्या देशमुख घराण्यातली ही बाई खानाच्या फौजेत सरदार होती. परमानंदांच्या शिवभारतात, म्हणजे महाराजांवरच्या त्या काळच्या संस्कृत काव्यात, ती खानाला तोंडावर सुनावते की या रानात शिरलास हीच चूक झाली, आता शरण जा. खानाने ऐकलं, वकील पाठवला, खंडणी भरली आणि फौज जिवानिशी सुटली. त्या दिवशी मोगलांकडून एकच निर्णय बरोबर झाला, तो तिचा. एका व्याख्यात्याने हा प्रसंग सांगताना नुसता बायकी आवाज काढून लोकांना हसवलं होतं. मी तेव्हा शाळेत होते. तो हशा अजून कानात आहे.

सह्यभक्त:
मोगलांच्या चाकरीतल्या बाईचं कौतुक आम्ही का करायचं?

माहूरची_लेक:
मिर्झाराजे कुणाच्या चाकरीत होते? त्यांच्या डावपेचांना आत्ताच वर मान दिला गेला, तेव्हा तुम्ही गप्प होतात. जिजाऊंचे वडील लखुजी जाधवरावही काही काळ मोगलांकडे होते. त्यांना हा प्रश्न विचाराल? चाकरी पुरुषाने केली तर तो काळाचा रिवाज, बाईने केली तर फितुरी. हे मी ऐकून घेणार नाही.

सह्यभक्त:
फितुरी हा शब्द मी वापरलेला नाही. माझ्या तोंडी घालू नका.

जुना_सुभेदार:
जरा शांत व्हा. माझी नोकरी बरीचशी डोंगरातच गेली. वरच्याला खालचं सगळं दिसतं हे खरं, पण पाणी, रॉकेल, रेशन खालूनच वर येतं. आमच्या चौकीवर बर्फ वितळवायला रॉकेल लागायचं. ते संपत आलं की उंचीचा सगळा रुबाब उतरायचा. १९९९ च्या कारगिल युद्धात जूनमध्ये तोलोलिंग आणि ४ जुलैला टायगर हिल घेतलं, तेव्हा उंचीवर शत्रूच होता. टायगर हिलला १८ ग्रेनेडियर्सची तुकडी जिथून कुणी येईल असं त्याला वाटलंच नव्हतं, त्या कड्यावरून चढली. निर्णय जिंकला. पण तोलोलिंगच्या उघड्या उतारावर आपली किती पोरं गेली, हेही घाटवाट्यांनी विसरू नये. उंचीची किंमत खालून चढणाऱ्यालाच कळते.

घाटवाट्या:
सुभेदारसाहेब, हे मान्य. उंचीला मी फार हलकं लेखलं.

सह्यभक्त:
थांबून राहण्याच्या हुकुमाबद्दल मी बोललोच नव्हतो, तेवढं घाटवाट्यांचं बरोबर. "कुणीही जिंकली असती" यातलं "कुणीही" मी मागे घेतो. बाकीचं वाक्य राहील. आणि रायबाघनचा शरण जाण्याचा सल्ला योग्य होता. एवढंच.

माहूरची_लेक:
एवढ्यावर भागत नाही. ती फौजेबरोबरच चालत होती. मग बोरघाट सोडून आडवाट धरली, त्या वेळी माथ्यावर तिला कुणी विचारलं होतं का, यावर बोला.