कलिंगडावरचा डाग: वरून की खालून?

तुम्ही कलिंगडावर पडलेला डाग कसला असं विचारलंय, आणि वर उत्तर देणाऱ्या दोघांनी तो 'उन्हाचा चट्टा' म्हणून सोडून दिलाय, ते मला पटत नाही. उन्हाचा चट्टा पांढुरका आणि कोरडा असतो. तुम्ही सांगताय तो गडद हिरवा, तेल सांडल्यासारखा ओलसर आणि आठवड्याभरात पंजाएवढा झालेला डाग म्हणजे जिवाणूजन्य फळडागच वाटतो (जिवाणूचं नाव ॲसिडोव्होरॅक्स सिट्रुली). फळ पालथं करून बघा. मातीतल्या बुरशीची कूज जमिनीला टेकलेल्या बाजूने सुरू होते, हा डाग मात्र बहुधा वरच्या बाजूला येतो. करपा या बुरशीजन्य रोगाचे डाग खोलगट असतात आणि ओल्या हवेत त्यांवर गुलाबीसर थर दिसतो, तोही इथे नसतो. जिवाणूच्या डागात पुढे साल तडकते, मग आत इतर जंतू शिरतात आणि गर सडून वास मारतो.

आणखी एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. जिवाणू कोवळ्या फळात शिरतो, फुलानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. नंतर सालीवर मेण चढतं आणि त्याची वाट बंद होते. डाग दिसतो तो मात्र तोडणीच्या तोंडावर, म्हणून आता तांबायुक्त औषध मारून फारसा उपयोग नाही. ते फुलोऱ्यापासूनच हवं होतं. आमच्याकडे एका वर्षी रोपं आणली तेव्हाच पहिल्या दोन जाड पानांच्या खाली ओले ठिपके होते. झारीच्या पाण्याने झाले असतील म्हणून मी लावली. रोग बियाण्यातून येतो हे तेव्हा ठाऊक नव्हतं. तुमच्या रोपांच्या ट्रेचा फोटो असेल तर टाका.