हलव्याला काटा येतोय का? या, अनुभव लिहा

बाजारात हलव्याच्या दागिन्यांच्या पाट्या लागल्या आणि परातीत बोटं फिरवल्याचा तो खसखस आवाज कानात घुमायला लागला. संक्रांतीला घरी हलवा करणारे अजून आहेत, तर प्रमाण आणि खाचाखोचा इथे लिहा.

सुरुवात मीच करते. 2 चमचे तीळ, 2 वाट्या साखर, 1 वाटी पाणी. उकळी आली की चमचाभर दूध घालायचं, मळी वर येते ती काढून पाक गाळायचा. कच्चा एकतारी हवा, पुढे गेला तर संपलं. जाड पितळी परात, मंद शेगडी. अर्धा चमचा पाक घालायचा, बोटांच्या टोकांनी फिरवायचं, पूर्ण सुकला की पुढचा अर्धा चमचा. घाई केली तर तिळांचे गोळे होतात. पहिल्या दिवशी दाणा नुसता पांढरा दिसतो. काटा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तोपर्यंत धीर सोडू नका.

शेगडीवाली
भुकटी चाळा!! हे कुणी सांगतच नाही. परातीत भुकटी राहिली की नवा पाक तीच पिते, दाणा उपाशी. दर 5-6 चमच्यांनंतर पिठाच्या चाळणीतून काढायची. फेकू नका, पुढच्या पाकात विरघळते.

मुंबईची हवा
दमट हवेत काटा बसतच नाही ओ ताई. पहाटे करा, पंखा बंद, खिडकी बंद. झालेला हलवा फ्रिजमध्ये तर मुळीच नको, बाहेर काढला की पाणी सुटून काटा विरघळतो. घट्ट झाकणाचा डबा बास.

साखरपाक
पाकात लिंबू किती? अर्ध्या लिंबाचं कुठेतरी वाचलं.

शेगडीवाली
बाई गं, अर्धं नको! आंबटाने साखर फुटते आणि मग तिचा दाणा धरत नाही, हलवा चिकट राहतो. दोन थेंब फार झाले. मळीसाठी दूध पुरतं. आणि आच वाढली तर उलटं, दाण्यावर बसायच्या आधीच पाक सुकतो, नुसती भुकटी.

क्योतोहून
इथे याचाच भाऊबंद मिळतो, कोम्पेइतो. तोही फिरत्या तापलेल्या कढईत थेंबाथेंबाने पाक घालून, एका घाण्याला दोन आठवडे लागू शकतात. पोर्तुगीजांनी आणलेला, 1569 साली लुईस फ्रॉइस या धर्मप्रसारकाने ओदा नोबुनागा या जपानी सरदाराला काचेच्या कुपीत भरून दिला होता. क्योतोत 1847 पासून फक्त हेच करणारं एक दुकान आहे. कुणी इकडे आलात तर चव घ्याच, आपल्या साबुदाण्याच्या हलव्याच्या जवळची आहे.

दागिनेवाली
दोन आठवडे! आणि आपण तिसऱ्या दिवशी कंटाळतो.
दागिन्यांसाठी: सुईने भोक पाडायला जाऊ नका, दाणा फुटतो. दुहेरी दोरा, दोन दोऱ्यांमध्ये दाणा धरून गाठ, मग पुढचा. हार-बाजूबंदाला साबुदाण्याचा एकसारखा दाणा, नथीला तिळाचा बारीक. मुकुटाचा पुठ्ठा आधी कापून जरी लावून घ्या, हलवा शेवटी.

बोरन्हाण रविवारी
दीड वर्षाच्या बाळाचं बोरन्हाण आहे. लुटायला बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा, लिमलेटच्या गोळ्या. अजून काय?

शेगडीवाली
लिमलेट काढ गं, शेंगदाणेही घालू नकोस. गोळा करणारी पोरं 2-3 वर्षांची असतात, कडक गोळी घशात अडकते. बोराची बी आणि करव्याचा तुकडाही तसाच, मोठ्यांनी लगेच उचलायचा. चुरमुरे भरपूर ठेव. बाळाला शुभेच्छा!

साखरपाक
आवांतर: पाडव्याच्या गाठीला हाच पाक चालेल?

दागिनेवाली
नाही, घट्ट लागतो. 1 वाटी साखरेला पाव वाटी पाणी, उतरवून पांढुरका होईपर्यंत घोटायचं. मग तूप लावलेल्या साच्यात दोरा ठेवून लगेच ओतायचं. कमी घोटलं तर चिकट, जास्त घोटलं तर पातेल्यातच दगड. तसं झालं तर चमचाभर पाणी घालून पुन्हा गरम कर.

मुंबईची हवा
साचा नसेल तर इडलीपात्र. वाटीत अर्ध्यापर्यंतच ओता, नाहीतर निघत नाही.