तळलेलं बंद केलं, तरी ट्रायग्लिसराइड वाढलेलंच!

काका: रिपोर्ट आला. एकूण कोलेस्ट्रॉल २१०, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल १२८, एचडीएल म्हणजे चांगलं ३४, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी २४०. तळलेलं कधीच सोडलंय, लोणीसुद्धा नाही. मग हे येतंय कुठून?

दादा: काका, कार्बमुळे, म्हणजे कर्बोदकांमुळे. कार्ब खाल्लं की इन्सुलिन वाढतं आणि लिव्हर जास्त कोलेस्ट्रॉल बनवतं. कार्ब पूर्ण बंद करा, कोलेस्ट्रॉलच्या गोळीची गरजच पडणार नाही.

काकू: गोळी बंद करायचं काही सुचवू नकोस रे.

ताई: काकू बरोबर बोलतेय. दादा, तुझं अर्धं खरं आहे. लिव्हरमध्ये कोलेस्ट्रॉल किती बनणार हे मुख्यतः एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं एन्झाइम ठरवतं. इन्सुलिन त्याला चालना देतं, तर ग्लुकॅगॉन हे इन्सुलिनच्या उलट काम करणारं संप्रेरक त्याला आवरतं. काकांची स्टॅटिनची गोळी याच एन्झाइमला अडवते. पण पेशीत पुरेसं कोलेस्ट्रॉल साठलं की पेशी स्वतःच हे एन्झाइम कमी करते. त्यामुळे जास्त कार्ब म्हणजे तेवढंच जास्त कोलेस्ट्रॉल, असा सरळ हिशेब नसतो.

ताई: काका, तुमच्या रिपोर्टमध्ये आधी ट्रायग्लिसराइडचा २४० आणि एचडीएलचा ३४ हे आकडे बघा. ट्रायग्लिसराइड १५०च्या आत हवं. गरजेपेक्षा जास्त साखर आणि पिष्ट आलं की लिव्हर त्याची चरबी करतं आणि व्हीएलडीएल नावाच्या चरबी वाहून नेणाऱ्या कणांत भरून रक्तात सोडतं. हे कण आपलं ट्रायग्लिसराइड एचडीएलला देतात आणि त्याच्याकडचं कोलेस्ट्रॉल घेतात. असं ट्रायग्लिसराइडने भरलेलं एचडीएल रक्तातून लवकर निघून जातं, म्हणून ते खाली येतं. एलडीएलचे कणही याच अदलाबदलीत लहान आणि घट्ट होतात. १२८ आकडा बेताचा दिसला तरी कणांची संख्या जास्त असू शकते.

आत्या: मी रोज मोठा ग्लास फळांचा रस घेते गं. तो चालेल ना?

ताई: आत्या, त्यापेक्षा अख्खं फळ खा. रस गाळला की तंतू जातात आणि फ्रुक्टोज एकदम येतं. ग्लुकोजच्या वापरावर लिव्हरमध्ये एका टप्प्यावर नियंत्रण असतं, फ्रुक्टोज तो टप्पा टाळून पुढे जातं. म्हणून त्याची चरबी पटकन होते.

दादा: म्हणजे कार्ब बंद करणंच योग्य ना?

ताई: नाही रे. विरघळणारे तंतू हेही कार्बच. ते आतड्यात पित्ताम्लं, म्हणजे चरबी पचवायला मदत करणारी पित्तातली आम्लं, धरून बाहेर नेतात. मग नवी पित्ताम्लं बनवायला लिव्हरला कोलेस्ट्रॉल लागतं आणि ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. ते तंतू का सोडायचे? शिवाय कार्ब अगदी कमी करून संपृक्त चरबी (तूप-लोण्यातली) वाढवली, तर काहींचं एलडीएल बरंच वाढतं. संपृक्त चरबीने लिव्हरवरचे एलडीएल पकडणारे रिसेप्टर कमी पडतात. याच रिसेप्टरच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ चं नोबेल मिळालं.

काकू: यांचं गोड कोल्ड्रिंक मात्र दुपारी आणि रात्रीही असतंच.

ताई: मग काका, आधी तेच बंद करा. मद्य घेत असाल तर तेही, त्यानेसुद्धा ट्रायग्लिसराइड चढतं. डॉक्टरांना विचारून एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा) आणि थायरॉइड तपासून घ्या. गोळी चालूच ठेवा.

काका: एचबीएवनसी बरेच दिवसांत केलेलं नाही. उद्या डॉक्टरांकडे जातोय, तेव्हा विचारतो.