वाहणारा कान, बायोफिल्म आणि व्हिनेगर: अँटिबायोटिक थेंब खरोखरच बाद झाले का?

(‘तळटीप’, ‘खडूफळा’ आणि ‘रानवाट’ या टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा.)

तळटीप: ‘कानात बायोफिल्म (जंतूंनी स्वतःभोवती तयार केलेला चिकट थर) झाली की अँटिबायोटिक थेंब म्हणजे निव्वळ पाणी; व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे करून घाला’ असे खडूफळा यांनी काल ठामपणे लिहिले, म्हणून हे सविस्तर उत्तर. कल्चर रिपोर्टमधील (पुवातील जंतू वाढवून केलेल्या तपासणीतील) ‘रेझिस्टंट’, म्हणजे औषधाला दाद न देणारा, हा शेरा गोळीने किंवा इंजेक्शनने शरीरात पोहोचणाऱ्या मात्रेवर बेतलेला असतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकच्या ०.३ टक्के थेंबांत दर मिलिलिटरला ३,००० मायक्रोग्रॅम औषध असते, म्हणजे रक्तातील मात्रेच्या शेकडो पट; त्यामुळे तो शेरा थेंबांना तसाच लागू होत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या केनियातील चाचणीत कान फुटलेल्या ४२७ शाळकरी मुलांपैकी काहींना हे थेंब आणि काहींना अल्कोहोलमधील बोरिक ॲसिड हे जंतुनाशक दिले होते. दोन आठवड्यांनी अनुक्रमे ५९ आणि ३२ टक्के मुलांचे कान कोरडे होते. याला निव्वळ पाणी म्हणतात काय?

खडूफळा: केनियात बोरिक ॲसिड होते, व्हिनेगर नव्हते, एवढे तरी वाचून लिहावे. वेल्लोरच्या २००३ मधील अभ्यासात पाच टक्के पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाने ८८ टक्के आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनने ९० टक्के रुग्ण सुधारले होते, आणि आयोडीनला दाद न देणारा जंतू तेथे सापडला नव्हता. माझ्या आईचा कान मास्टॉइडच्या (कानामागच्या हाडाच्या) शस्त्रक्रियेनंतरही वाहत राहिला, तेव्हा एका डॉक्टरांनी कल्चर न करता तेच ते थेंब महिनोन्‌महिने लिहून दिले. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी मायक्रोस्कोपखाली सक्शनने कान साफ केला, दोन टक्के ॲसिटिक ॲसिड (व्हिनेगरमधील आम्ल) दिले आणि कान कोरडा झाला. तुमचे ३,००० मायक्रोग्रॅम तोवर काय करत होते?

रानवाट: तुम्ही दोघेही मूळ दुखण्याला हात लावत नाही. आपल्याकडे डॉक्टर पुढचा, आधी मेडिकल दुकान. आणि काउंटरवरून मिळते ती क्लोरॅम्फेनिकॉल (अँटिबायोटिक), क्लोट्रिमॅझोल (बुरशीनाशक), बेक्लोमेथासोन (स्टेरॉइड) आणि लिग्नोकेन (बधिर करणारे औषध) अशी चौघांची एकत्र बाटली. ठणका थांबतो, रोगी खूश होतो, आणि कानात काय वाढते आहे हे कोणी पाहत नाही. जंतू निर्ढावतात ते अशा अर्धवट उपचारांनी.

खडूफळा: शहरात बसून दुकानदाराला शिव्या देणे सोपे असते. आमच्या तालुक्याला कानाचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. रात्री ठणकणाऱ्या कानाचे मूल घेऊन आईबापांनी वाट पाहत बसावे काय?

रानवाट: त्या मुलाला वेदनाशामक औषध द्यावे, न पाहिलेल्या कानात स्टेरॉइड ओतू नये. गरिबीची ढाल प्रत्येक वेळी पुढे करू नये.

तळटीप: दुकानाचे भांडण रास्त असले, तरी व्हिनेगरचा सल्ला त्याहून निराळा नाही, कारण तोही कानाचा पडदा न पाहताच दिलेला आहे. पडद्याला भोक असेल तर आम्ल मधल्या कानात जाऊन आग करते. जंतुनाशक म्हणजे निर्धोक, हा समज तर महागात पडलेला आहे: पडद्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी वापरलेल्या क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकामुळे रुग्णांना बहिरेपण आल्याचे १९७१ साली नोंदवले गेले. आयोडीनचा जोरही पुवात खर्ची पडतो. वाहत्या कानातील स्यूडोमोनास या जंतूला आम्ल मानवत नाही हे मला मान्य आहे, आणि वेल्लोरचे ४० रुग्णही, जरी ४० म्हणजे एका ओपीडीची सकाळ. परंतु तुमच्या आईंच्या गोष्टीत निम्मे काम सक्शनने केले, व्हिनेगरने नव्हे. ते श्रेय तुम्ही कालच्या मजकुरात सोयीस्कररीत्या गाळले.

खडूफळा: घ्या, सक्शनचे श्रेय दिले, आता हारतुरेही पाठवतो. मात्र तोच नियम आपल्या लाडक्या थेंबांनाही लावा. पुवाच्या थरावर सोडलेले सिप्रोफ्लॉक्सॅसिन बायोफिल्मच्या तळापर्यंत पोहोचत नाही, आणि केनियात दोन आठवड्यांनंतरही ज्या ४१ टक्के मुलांचे कान वाहतच होते, त्यांना तुम्ही पुढे काय देणार, हे सांगायचे टाळून तुम्ही माझ्या ओट्यावरच्या बाटलीमागे लागला आहात.