स्मरणिकेत सभासदांची पत्रे : परवानगीबाबत

प्रेषक : कार्यवाह

सप्रेम नमस्कार.

वृद्ध आईवडिलांच्या देखभालीविषयी सभासदांत झालेला पत्रव्यवहार गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत घ्यावा, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. छपाई ठाण्यात होईल. रविवारपर्यंत हरकत न आल्यास संमती गृहीत धरण्यात येईल.

प्रेषक : आजीव सभासद, नौपाडा, ठाणे

सप्रेम नमस्कार.

उपक्रम स्तुत्य आहे, परंतु संमती गृहीत धरण्यास माझी हरकत आहे. छपाई ठाण्यात असल्याने इथला १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू होतो, आणि त्यानुसार लेखनाचा हक्क मुळात लिहिणाऱ्याचा असतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही आणि पत्र सर्वांना पाठवले म्हणून तो मंडळाकडे येत नाही. परवानगी लेखीच हवी. तीत मुदत नमूद नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, आणि प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरती. म्हणजे ‘छापायला हरकत नाही’ एवढ्या ओळीवर प्रती ठाण्यात निघतील, पण परदेशातल्या सभासदांना वाटताना अडचण येईल, आणि स्मरणिका तर त्यांच्यासाठीच आहे! म्हणून छापील प्रती, पीडीएफ, सर्व देश आणि मुदत यांचा उल्लेख विनंतीपत्रातच असावा.

आणखी एक. इथे ठाण्यातच घंटाळीत राहणाऱ्या सासूबाई रात्री गॅस चालू ठेवून झोपतात आणि विचारले की रागावतात, असे एका भगिनींनी विश्वासाने लिहिले आहे. स्मरणिका ठाण्यात कोणाच्याही हाती पडेल. नुसते नाव गाळून भागणार नाही. काटछाट केल्यास तो मसुदाही लेखकांना दाखवावा, कारण आपले नाव लावून घेण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या फेरफारास विरोध करण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे हक्क दिल्यानंतरही लेखकाकडे राहतो. दिवंगत सभासदांच्या बाबतीत वारसांना विचारावे लागेल. हक्क मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

प्रेषक : कार्यवाह

आपली सूचना मान्य आहे. प्रत्येकास स्वतंत्र विनंतीपत्र जाईल, आणि उत्तर न आल्यास ते पत्र वगळू. मात्र अनेक पत्रांत इतरांची वाक्ये जशीच्या तशी आहेत; त्यांचे काय करावे?

प्रेषक : आजीव सभासद, नौपाडा, ठाणे

त्या वाक्यांच्या लेखकांनाही विचारावे. नकार आल्यास मुद्दा आपल्या शब्दांत मांडता येईल, कारण कॉपीराइट शब्दरचनेवर असतो, विचारावर नाही. सासूबाईंची हकीकत मात्र सूनबाईंच्या होकाराशिवाय तशीही घेऊ नये.