मदत हवी आहे: एक्झॉस्टची धग केबिनमध्ये येते, कोणते रॅप घ्यावे?

तिसरा_गिअर (धागाकर्ता):
नमस्कार. माझ्याकडे दोन आसनांची स्पोर्ट्स कार आहे. ती थोडा वेळ चालवली की एक्झॉस्टची उष्णता केबिनमध्ये यायला लागते आणि पाय अक्षरशः भाजून निघतात. एसी पूर्ण क्षमतेने चालू ठेवला तरी वरचे अंग गार आणि खालचे तापलेले, अशी विचित्र अवस्था होते. एक्झॉस्टला गुंडाळायचे उष्णतारोधक रॅप घ्यायचे मी ठरवले आहे. ते कोणत्या प्रकारचे घ्यावे आणि किती थर द्यावेत, एवढेच जाणकारांनी सांगावे. काचा खाली करा किंवा गाडी विका, असे सल्ले कृपया देऊ नयेत. लवकर उत्तर मिळाल्यास बरे होईल, कारण लांबच्या प्रवासाला निघायचे आहे.

शंकेखोर:
तुम्ही औषधाचे नाव विचारत आहात, पण दुखते कुठे हे सांगितलेले नाही. इंजिन पुढे आहे, मध्ये आहे की मागे? धग नेमकी कुठून लागते: समोरच्या फायरवॉलकडून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीकडून), मधल्या टनेलकडून (दोन आसनांमधल्या फ्लोअरच्या पोकळ उंचवट्याकडून), की आसनाच्या पाठीमागून? ती वेगात असताना वाढते, रखडत जाताना वाढते, की गाडी थांबवल्यावर? जळका किंवा धुराचा वास येतो का? आणि एक्झॉस्ट मूळचाच आहे की बदललेला? एवढे कळल्याशिवाय रॅपचे थर मोजण्यात अर्थ नाही.

वायुवेग:
प्रश्न रॅपचा आहे, म्हणून रॅपबद्दलच लिहितो. साध्या काचतंतूच्या रॅपपेक्षा बेसाल्ट खडकाच्या तंतूंचे रॅप अधिक टिकते, हा माझा अनुभव आहे. गुंडाळण्यापूर्वी ते पाण्यात भिजवून घ्यावे, म्हणजे ते घट्ट बसते आणि तंतू उडत नाहीत. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर साधारण पाव रुंदीइतका चढवावा आणि टोके स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांनी आवळावीत. थर एकच पुरे. पहिल्यांदा इंजिन तापेल तेव्हा भरपूर धूर निघेल, त्याला घाबरू नये. हातमोजे मात्र विसरू नका, नाहीतर रात्रभर मनगटे खाजवत बसाल. मॅनिफोल्डपासून (इंजिनमधून निघणारे वायू एकत्र करणाऱ्या नळ्यांपासून) कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (वायूंतले प्रदूषण कमी करणाऱ्या डब्याच्या) आधीपर्यंत रॅप करा, विषय संपला.

गंजका_नट:
विषय संपत नाही, तिथून सुरू होतो. रॅप ओलावा धरून ठेवते आणि त्याखालचा साधा पोलादी पाइप कसा गंजतो, ते मी स्वतः पाहिले आहे. वरून सगळे नीटनेटके दिसत होते, पण रॅप सोडले तेव्हा पाइपाचे पापुद्रे हातात आले आणि वेल्डाच्या कडेला बोट जाईल एवढे भोक होते. पातळ स्टेनलेस मॅनिफोल्ड गंजला नाही तरी रॅपमुळे धातूचे तापमान वाढते आणि वेल्डपाशी तडे जाऊ शकतात. त्यातच इंजिनमधून तेल गळत असेल तर ते रॅपमध्ये मुरते आणि आगीचा धोका निर्माण होतो. त्यापेक्षा पाइप उतरवून त्यावर सिरॅमिक कोटिंग करून घ्यावे.

वायुवेग:
स्टेनलेसच्या पाइपवर रॅप लावून मी आजही गाडी चालवतो आहे. तुमचा पाइप आधीच जीर्ण असणार. शिवाय कोटिंगसाठी सगळा एक्झॉस्ट उतरवावा लागतो, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलेत.

तिसरा_गिअर:
इंजिन अर्थातच पुढे आहे आणि गती मागच्या चाकांना जाते. धग मधल्या टनेलकडून येते. टनेलला टेकलेली पोटरी तापते आणि गिअरचा दांडाही इतका तापतो की हात ठेववत नाही. रखडत जाताना त्रास सर्वांत जास्त होतो. वास कधीकधी येतो, पण जुन्या गाडीला थोडाफार असतोच. एक्झॉस्ट बदललेला आहे, जाड पाइपचा बसवून घेतला आहे, पण त्याचा आवाज उत्तम आहे आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आता तरी कोणी थरांचे सांगेल का?

छाया_हवी:
पुढच्या काचेवर उष्णतारोधक फिल्म लावून पाहा. उन्हातून येणाऱ्या उष्णतेत मोठा फरक पडतो. गाडी उभी करताना चंदेरी पडदाही लावावा.

शंकेखोर:
छाया_हवी, फिल्म उपयोगी असते, पण उन्हाने टनेल तापत नाही. आणि धागाकर्ते, वास येतो हे तुम्ही जाता जाता सांगितलेत. तो कसला आहे, तेलाचा, रबराचा की एक्झॉस्टच्या वायूंचा? एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, त्यामुळे वास थोडाच आहे म्हणून धोकाही थोडाच, असे मानता येत नाही. डोके जड होत असेल, मळमळत असेल, तर जोड तपासल्याशिवाय लांबच्या प्रवासाला निघूच नका.

मोजून_मापून:
धागाकर्ते, बदललेल्या एक्झॉस्टबद्दल तुमची काहीच तक्रार नाही, पण मला तिथेच धगीचा संबंध दिसतो. मूळ एक्झॉस्टवर, विशेषतः कन्व्हर्टर आणि टनेल यांच्या मध्ये, पत्र्याच्या हीट शील्ड असतात. जाड पाइप बसवताना त्या आड येतात आणि काढून ठेवल्या जातात. तुमच्या गाडीत त्या परत बसवल्या होत्या का, हे आधी खाली वाकून पाहा.

तोवर गाडी थंड असताना दोन गोष्टी तपासता येतील. पहिली म्हणजे हीटर. त्याचा व्हॉल्व्ह किंवा आतली झडप पूर्ण बंद होत नसेल, तर इंजिनचे गरम पाणी हीटर कोअरमधून (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमधून) फिरत राहते आणि आपण निष्कारण एक्झॉस्टला दोष देतो. रबरी नळ्यांना लावायचे क्लॅम्प हीटरच्या दोन्ही नळ्यांना लावून थोडी फेरी मारली की याचा निकाल लागतो. मात्र काही गाड्यांत कूलंटचा फेरा हीटरमधूनच पुरा होतो, म्हणून आधी आपल्या गाडीची रचना पाहून घ्या. दुसरी म्हणजे गिअरच्या दांड्याभोवतीचे रबरी बूट, म्हणजे आवरण. वर दिसणारे चामड्याचे नव्हे, तर त्याखालचे. ते फाटले असेल तर टनेलमधली गरम हवा थेट केबिनमध्ये शिरते, दांडा तापतो आणि वासही त्याच वाटेने येतो. तुमच्या वर्णनाशी हे फारच जुळते.

तापमान मोजणार असाल तर एक सूचना. अवरक्त थर्मामीटर चकचकीत धातूवर रोखला की तो प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी तापमान दाखवतो, कारण असा पृष्ठभाग स्वतः फार कमी किरण सोडतो आणि आजूबाजूचेच परावर्तित करतो. फ्लोअरवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजा. पाइपवर मोजायचे असेल तर उष्णता सोसणाऱ्या मंद काळ्या रंगाचा एक ठिपका द्या.

सुवर्णवर्ख:
हा सगळा पत्र्याचा खटाटोप कशाला? १९९२ साली आलेल्या मॅकलॅरेन एफ१ च्या इंजिनकक्षाला आतून सोन्याचा वर्ख लावला होता, कारण सोने अवरक्त किरण उत्तम परावर्तित करते. आता सोनेरी चिकटपट्टी सहज मिळते. ती टनेलला खालून चिकटवा.

मोजून_मापून:
उदाहरण खरे आहे, पण प्रत्येक सोनेरी पट्टीत सोने असते असे नाही, आणि स्वच्छ ॲल्युमिनियमही परावर्तनात सोन्याच्या फार मागे नाही. मुख्य मुद्दा मधल्या पोकळीचा आहे. पत्रा पाइपाला किंवा फ्लोअरला सपाट टेकला की उष्णता वहनाने सरळ पलीकडे जाते आणि चकाकी वाया जाते. शिवाय किरणांनी येणारी उष्णता निरपेक्ष (केल्विनमधल्या) तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढते. पाइपाचा पृष्ठभाग ४०० ऐवजी ६०० अंश सेल्सिअसला गेला, तर तो पावणेतीन पटींहून अधिक उष्णता फेकतो. रखडत जाताना गाडीखालून हवा वाहत नाही, त्यामुळे ही सगळी उष्णता टनेलमध्येच कोंडते. म्हणूनच तिथे शील्ड लागते.

बॉनेटवाला:
सोपा उपाय कोणी सांगतच नाही. बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून ते थोडे उचला. गरम हवा मागच्या फटीतून निघून जाते आणि गाडी दिसतेही छान.

शंकेखोर:
दिसते छान, यापलीकडे फारसे काही होत नाही. गाडी वेगात असताना पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो आणि म्हणूनच केबिनमध्ये ताजी हवा घेण्याची तोंडे तिथे ठेवलेली असतात. फटीतून हवा बाहेर पडण्याऐवजी आतही शिरू शकते. गाडी उभी असताना मात्र गरम हवा बाहेर पडते आणि त्याच तोंडांतून केबिनमध्ये येते. धागाकर्त्यांना आधीच वास येतो आहे. त्यात ही भर नको.

बॉनेटवाला:
माझ्या गाडीत फरक पडला, एवढे मला माहीत आहे. दाबाची गणिते तुम्ही करत बसा.

निःशब्द:
फ्लोअरवर आतून आवाज कमी करणाऱ्या जाड चादरी लावा, उष्णताही थांबेल.

गंजका_नट:
त्या चादरी पत्र्याची थरथर मारण्यासाठी असतात. वरचा ॲल्युमिनियमचा थर चिकटून बसलेला असल्याने त्याला पोकळी मिळत नाही आणि उष्णता अडवण्याचे काम त्यांच्याकडून जेमतेमच होते. डांबरी प्रकारच्या असतील तर तापलेल्या टनेलवर त्या मऊ पडतील आणि केबिनमध्ये डांबराचा वास भरेल. सिरॅमिक तंतूंची घोंगडीही केबिनमध्ये उघडी अंथरू नका. तिचे बारीक तंतू फुप्फुसांना घातक असतात. आतून लावायचेच असेल तर ॲल्युमिनियमचा थर असलेला बंद छिद्रांचा फोम लावा, पण तो खालची शील्ड बसवल्यानंतर.

तिसरा_गिअर:
गाडी वर चढवून पाहिली. हीटरच्या नळ्या बंद करूनही धग तशीच राहिली. गिअरचे आतले बूट एका बाजूने पूर्ण फाटलेले आहे. कन्व्हर्टरच्या वरची शील्ड नाहीच. तिचे चार खिळे (नट बसवायचे आट्यांचे स्टड) टनेलला तसेच आहेत आणि त्यांतला एक वाकवलेला आहे. ज्या गॅरेजने एक्झॉस्ट बसवला त्यांनी ती काढल्याचे मला सांगितलेही नव्हते. शिवाय कन्व्हर्टरच्या पुढच्या जोडापाशी काजळीचा काळा पट्टा दिसतो आहे. आता मूळ शील्ड मिळवली तरी जाड पाइपवर ती बसणार नाही. मग रॅपच करू ना?

मोजून_मापून:
नाही, आणि निदान कन्व्हर्टरवर तर नकोच. काजळीचा पट्टा म्हणजे तिथून वायू गळतो आहे. आधी त्या जोडाचे गॅस्केट (फट बंद करणारी चकती) बदला आणि जोडाची पृष्ठे सपाट आहेत का ते पाहा, कारण गळका जोड आणि फाटलेले बूट मिळून एक्झॉस्टला केबिनमध्ये यायची वाटच करून देतात. त्यानंतर बूट.

शील्डसाठी खळगे उठवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या; तो हाताने वळतो. पुठ्ठ्याचा नमुना कापून टनेलच्या आकाराला बसवून पाहा. त्या खिळ्यांवर अंतर राखणाऱ्या छोट्या नळकांड्या घालून पत्रा असा धरा की त्याच्या दोन्ही बाजूंना निदान १० मिलिमीटर पोकळी राहील आणि मागे हवा निघायला तोंड उघडे राहील. इंजिन झटका देते तेव्हा पाइप हलतो, म्हणून तो हाताने हलवून अंतर तपासा. जवळून ब्रेकची किंवा इंधनाची नळी जात असेल तर पत्र्याची धार तिला लागणार नाही अशी दुमडा.

आणखी एक. इंजिन मिसफायर करत असेल (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसेल) किंवा मिश्रणात पेट्रोल जास्त जात असेल, तर न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो लालबुंद होतो. तसे असेल तर कोणतीही शील्ड पुरी पडणार नाही. स्पार्क प्लग काढून त्यांचा रंग पाहून घ्या.

तिसरा_गिअर:
गॅस्केट आणि बूट बदलले, पत्राही बसवला. प्लग ठीक आहेत. वास गेला आणि गिअरच्या दांड्यावर आता हात ठेवता येतो. रखडत जाताना टनेल अजून कोमट लागतो, पण पोटरी भाजत नाही. एका ठिकाणी मात्र पत्रा विशिष्ट वेगाला झणझणतो. त्यावर काय करावे?

वायुवेग:
मॅनिफोल्डला रॅप केले असते तर टनेल कोमटही लागला नसता, हे मी नोंदवून ठेवतो.

गंजका_नट:
तो वाकलेला खिळा सरळ केला होता का? त्या कोपऱ्यात पत्रा ताणला गेला असेल तर तिथूनच झणझण येत असणार. नटाखाली रुंद स्टेनलेस वॉशर घाला. रबराचा घालू नका, तो तिथे टिकणार नाही.